फायरवॉल मधोमध बसलाय, मग पॅकेट गेलं कुठून?

जुना पीसी घ्यायचा, त्यात एक जादा लॅन कार्ड खोचायचं, दोन्ही कार्डं एका ब्रिजमध्ये बांधायची आणि तो डबा राउटर आणि स्विचच्या मधे ठेवून द्यायचा, हा हौशी मंडळींचा आवडता उद्योग आहे. लॅमिंग्टन रोडवर यासाठी लागणारं सगळं सामान तासाभरात जमतं. घरातल्या एकाही यंत्राचा आयपी पत्ता बदलावा लागत नाही, राउटरच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही आणि तरी येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटवर आपले नियम लावता येतात. बिघडलं की मात्र पहिला आळ कार्डावर येतो. ‘स्वस्तातलं आहे ना, मग असंच होणार.’ दुसरं कार्ड येतं, नवी केबल येते, लिनक्स नव्याने बसवलं जातं आणि बिघाड जिथल्या तिथे. कार्ड खराब निघूच शकत नाही असं नाही, पण ब्रिजच्या बाबतीत संशयितांच्या यादीत ते बरंच खाली असतं. बहुतेक वेळा पॅकेट ज्या वाटेने जातं तिथे आपले नियम नसतातच, नाहीतर आपण न लिहिलेले नियम तिथे ठाण मांडून बसलेले असतात.

‘आयपीटेबल्समध्ये नियम लिहिला, म्हणजे तो ब्रिजवर लागला’

हा गैरसमज सगळ्यात चिवट. ब्रिज काम करतो ते इथरनेटच्या पातळीवर. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टच्या मागे आहे हे तो लक्षात ठेवतो आणि त्यानुसार फ्रेम पुढे ढकलतो. आत आयपी पॅकेट आहे की आणखी काही, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. लिनक्सचं आयपी पॅकेट गाळणारं आयपीटेबल्स बसतं एक पातळी वर. त्यामुळे एका कार्डातून आत येऊन दुसऱ्यातून बाहेर पडणारी फ्रेम मुळात आयपीटेबल्सच्या दारात जातच नाही.

ती तिथे न्यायची तर ‘बीआर-नेटफिल्टर’ हे मॉड्यूल लागतं. पूर्वी ते ब्रिजच्या कोडमध्येच होतं; ३.१८ कर्नलपासून ते वेगळं काढलं गेलं. म्हणून जुन्या पाठावरून उतरवलेली मांडणी नव्या यंत्रावर मुकाट्याने निकामी ठरते. एरर येत नाही, नियम यादीत दिसतात, फक्त त्यांच्यापुढचे काउंटर शून्यावरून हलत नाहीत. बिघाड शोधताना मी आधी काउंटर बघतो, नियम नंतर वाचतो. शून्य काउंटर म्हणजे नियम चुकीचा असेलच असं नाही; पॅकेट तिथवर पोचलंच नसण्याची शक्यता जास्त.

मॉड्यूल चढवलं तरी एक खोच उरते. ब्रिजवरून जाणाऱ्या पॅकेटचा ‘आत येण्याचा इंटरफेस’ आयपीटेबल्सला ब्रिज म्हणून दिसतो, कार्ड म्हणून नाही. कार्डाच्या नावाने लिहिलेला नियम त्यामुळे जुळत नाही. त्यासाठी ‘फिजडेव्ह’ हा वेगळा मॅच वापरावा लागतो. नव्याने मांडणी करणाऱ्याने या भानगडीत पडूच नये. आयपीटेबल्सच्या जागी आलेल्या एनएफटेबल्सची ‘ब्रिज’ फॅमिली सरळ इथरनेटच्या पातळीवर बसते आणि ५.३ कर्नलपासून तिला चालू कनेक्शनची नोंदही ठेवता येते.

‘मी एकही नियम लिहिलेला नाही, मग फायरवॉल अडवेल कशाला?’

हा वरच्याचाच उलटा भाऊ. त्याच पीसीवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन ब्रिजवर सुखाने नांदत असतात. एके दिवशी डॉकर बसवलं जातं आणि त्या मशीनचं नेट जातं. डॉकरच्या बऱ्याच आवृत्त्या बीआर-नेटफिल्टर आपणहून चढवतात. शिवाय यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग बंद असेल तर डॉकर ते चालू करतं आणि जोडीला आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड चेनचं धोरण ‘ड्रॉप’ करून ठेवतं. हेतू चांगला असतो, यंत्र नकळत सगळ्यांसाठी राउटर बनू नये. पण आता ब्रिजवरची पॅकेटंही त्याच चेनमधून जाऊ लागलेली असतात आणि तिथेच गडप होतात.

याची खूण ठरलेली आहे. बिघडलेल्या मशीनवर शेजाऱ्यांचा तक्ता काढला तर राउटरचा मॅक पत्ता नीट दिसतो, पण त्याच राउटरला पिंग लागत नाही. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारं एआरपी हे आयपी नव्हे, म्हणून ते आयपीटेबल्सच्या हाती लागत नाही आणि पार होतं. आयपी पॅकेट मात्र अडतं. हे दोन्ही एकदम दिसलं की केबल आणि कार्ड दोघांनाही निर्दोष सोडावं आणि फॉरवर्ड चेनचं धोरण बघावं.

‘आधी सगळं बंद करावं, मग हवं तेवढं उघडावं’

राउटरवर हे शहाणपण चालतं. ब्रिजवर ते तसंच्या तसं उचललं तर घर गोठतं, तेही ताबडतोब नाही. धोरण ड्रॉप, चालू कनेक्शनला परवानगी, वेबला परवानगी, असे नियम लावले की थोडा वेळ सगळं झकास चालतं, कारण यंत्रांना एकमेकांचे मॅक पत्ते आधीच माहीत असतात. ती नोंद शिळी झाली की नवी एआरपी चौकशी निघते आणि ब्रिजवर मरते. मग ‘दर काही मिनिटांनी नेट जातं’ अशी तक्रार येते आणि संशय पुन्हा कार्डावर. एआरपी स्पष्टपणे मोकळं सोडावंच लागतं. डीएचसीपी राउटरकडून येत असेल तर यूडीपीचे ६७ आणि ६८ हे पोर्टही.

आयपीव्ही६ मध्ये तर एआरपी नाहीच. ते काम आयसीएमपीव्ही६ करतं. ‘पिंग बंद केलं की सुरक्षित’ या समजुतीने आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवलं की शेजारी शोधणंच थांबतं. याउलट नियम फक्त आयपीव्ही४ चे लिहिले आणि बाकीचं मोकळं ठेवलं, तर अडवलेली साइट फोनवर आरामात उघडते. ती आयपीव्ही६ वरून येत असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर ते चालू असतं.

‘डबा राउटरच्या बाहेर ठेवला की संरक्षण पक्कं’

फायबरची जोडणी, ओएनटी (फायबरचा मोडेम) ब्रिज मोडमध्ये, आणि पीपीपीओईचं लॉगिन आपल्या राउटरवर, अशी मांडणी अनेक घरांत आहे. आपला डबा ओएनटी आणि राउटरच्या मधे ठेवला तर त्याच्यासमोरून जातात त्या पीपीपीओईच्या फ्रेम. आयपी पॅकेट त्यांच्या पोटात असतं. इथरनेटच्या दृष्टीने फ्रेमचा प्रकार ८८६४ असतो, आयपीव्ही४ चा ०८०० नव्हे. आयपी पत्त्यावर लिहिलेला नियम जुळणार कसा? धोरण ‘अ‍ॅक्सेप्ट’ असेल तर सगळं निर्धास्त पार होतं, ‘ड्रॉप’ असेल तर लॉगिनही होत नाही. बीआर-नेटफिल्टरमध्ये पीपीपीओईच्या आत डोकावण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. व्हीलॅन टॅग लागलेल्या फ्रेमचीही तीच गत. घरासाठी साधा उपाय म्हणजे डबा राउटरच्या आतल्या बाजूला, स्विचच्या आधी ठेवणं.

‘ब्रिजला आयपी दिला नाही, म्हणजे तो अदृश्य’

ब्रिजिंगसाठी आयपी लागत नाही हे खरं. आयपी फॉरवर्डिंगही चालू करावं लागत नाही, ते राउटिंगसाठी. पण लिनक्सवर ब्रिज उभा राहिला की त्याला बहुधा आपोआप एक आयपीव्ही६ लिंक-लोकल पत्ता मिळतो. घरातलं कुठलंही यंत्र त्या पत्त्यावर एसएसएच ठोठावू शकतं. अदृश्यच राहायचं असेल तर ब्रिजवर आयपीव्ही६ वेगळं बंद करावं. आणि देखभालीसाठी पत्ता द्यायचाच तर तो ब्रिजला द्यावा, कार्डाला नाही. कार्ड ब्रिजमध्ये गेलं तरी त्याच्यावर जुना पत्ता किंवा डीएचसीपी क्लायंट राहून जातो, आणि मग तो डबा कधी उत्तर देतो, कधी देत नाही.

आता पॅकेट नेमकं कुठे हरवतं ते बघायचं कसं? दोन टर्मिनल उघडायची आणि दोन्ही कार्डांवर वेगवेगळं टीसीपीडम्प लावायचं, मॅक पत्ते दाखवणाऱ्या पर्यायासह. फ्रेम पहिल्या कार्डावर आत आलेली दिसली आणि दुसऱ्यावर बाहेर पडलेली दिसली नाही, तर चोर घरातलाच आहे. एनएफटेबल्समध्ये ट्रेस चालू केला की ती कोणत्या नियमावर पडली तेही ओळीने दिसतं. दोन्हीकडे दिसली, तर डब्याचा विषय संपला. पुढे स्विच, राउटर, फोन बघावा. फक्त टीसीपीडम्पमध्ये ‘चेकसम चुकीचा’ असं दिसलं म्हणून कार्ड फेकू नये. याच यंत्रातून निघणाऱ्या पॅकेटचा चेकसम पुष्कळदा कार्ड स्वतः, अगदी शेवटी भरतं. टीसीपीडम्प त्याच्या आधीच बघून मोकळं झालेलं असतं.

वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घ्यायचा हट्टही व्यर्थ जातो. दुसऱ्याच्या वायफायला ग्राहक म्हणून जोडलेलं कार्ड सहसा आपल्या एकट्याच्याच मॅक पत्त्याने बोलू शकतं. मागच्या यंत्रांच्या फ्रेम त्यातून जात नाहीत. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवलेलं कार्ड मात्र चालतं.

केबल लावल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही, तेव्हा बहुधा स्पॅनिंग ट्री चालू असतं. पंधरा सेकंद ऐकण्याचे, पंधरा शिकण्याचे, मग पोर्ट खुला. तेवढ्यात एखाद्या उतावळ्या यंत्राचं डीएचसीपी थकून जातं. घरात चुकून वेटोळं होण्याची शक्यता नसेल तर ते बंद ठेवायला हरकत नाही.

राहिला तो खास असेंबल केलेल्या पीसीचा प्रकार. ग्राफिक्स कार्ड किंवा नवी एम-डॉट-टू डिस्क लावली की मदरबोर्डवरचे पीसीआय क्रमांक सरकू शकतात, आणि काल ‘ईएनपी२एस०’ असलेलं कार्ड आज ‘ईएनपी३एस०’ होतं. ब्रिजची फाइल जुनं नाव शोधत बसते. कार्ड उत्तम असतं, दिवे लुकलुकत असतात, फक्त ते ब्रिजमध्ये नसतं. सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये मॅक पत्त्यावरून कार्डाला पक्कं नाव देऊन टाकलं की पुढच्या वेळी कॅबिनेट उघडलं तरी ब्रिज शाबूत राहतो.