भाग जातो, पण कशाने?

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या पाहा. दोनाच्या ६७ व्या घातातून एक वजा केला, की ती मिळते. प्रश्न शाळेतलाच आहे : ही संख्या मूळ की संयुक्त? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कशाने भाग जातो का?

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये ती मूळ असल्याचे लिहिले. या प्रकारच्या संख्यांना आज त्यांचेच नाव आहे. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्यूका यांनी ते विधान खोडून काढले. संख्या संयुक्त होती. पण तिला कशाने भाग जातो, हे त्यांनाही सांगता आले नाही.

भाजक न सापडता हे कळले कसे? मूळ संख्यांचे काही ठरलेले गुण असतात. दोनाचा सहावा घात ६४. त्याला सातने भागल्यास बाकी एक उरते. कोणत्याही विषम मूळ संख्येपेक्षा एकने कमी घात घेतला, तर असेच घडते. आता नऊ घ्या. दोनाचा आठवा घात २५६. नऊने भागल्यास बाकी चार. म्हणजे नऊ मूळ नाही आणि हे तीनने भागून न पाहताच कळले. ल्यूकांची कसोटी वेगळी आणि अधिक कडक होती, पण तत्त्व हेच. रक्त तपासणीत संसर्ग आहे एवढे कळावे, जंतू कोणता ते कळू नये, तसा हा प्रकार.

भाजक मिळायला १९०३ साल उजाडले. अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी ते जाहीर केले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ते शोधण्यात त्यांचे कित्येक रविवार गेले, असे सांगतात. गुणाकार मात्र कागद-पेन्सिल घेऊन आपणही पडताळून पाहू शकतो.

गुणणे सोपे, फोडणे कठीण. या फरकावरच १९७७ मधली आरएसए ही कुलूपपद्धत उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवायचा, त्या दोन संख्या गुप्त. संकेतस्थळ खरे की बनावट, हे ओळखण्यासाठी ब्राउझर अनेकदा याच पद्धतीचा आधार घेतो. हा गुणाकार बहुधा ६१७ अंकी असतो.

आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये संख्या मूळ आहे की नाही, हे वाजवी वेळात खात्रीने सांगणारी रीत दिली. तरी कुलूप शाबूत राहिले, कारण ती रीतही भाजक सांगत नाही. २०२० मध्ये अशी २५० अंकी संख्या फोडली गेली. ६१७ अंक अजून फार दूर आहेत.

मात्र फोडणे कायम कठीणच राहील, हे कोणी सिद्ध केलेले नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीने ते जमेल. म्हणून वेगळ्या गणितावरची नवी कुलपे आताच बसवली जात आहेत. ती आपल्यापर्यंत येतात फोन आणि ब्राउझरच्या अपडेटमधून. ते टाळू नयेत, याचे हेही एक कारण.