वेग, पल्ला आणि काडतूस : एक आढावा

बंदुकीच्या तोंडातून गोळी किती वेगाने सुटते, हा प्रश्न नवशिक्या नेमबाजाला जितका मोहक वाटतो तितकाच तो अपुरा आहे. कारण लक्ष्य बंदुकीच्या तोंडाशी नसून पाचशे, आठशे किंवा हजार यार्डांवर उभे असते, आणि तिथवर जाईतो गोळीने आपला वेग किती राखला, वाऱ्याला किती दाद दिली, आणि दुसऱ्या बाराची गोळी पहिलीच्याच जागी गेली की नाही, यावर सारा निकाल लागतो. लांब पल्ल्यासाठी काडतूस निवडणे म्हणजे सर्वांत वेगवान काडतूस शोधणे, हा समज गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवाने वारंवार खोटा ठरविला आहे. त्या अनुभवाचा हा आढावा मराठवाड्यातील निलंग्यासारख्या गावातून घेण्यास कारण आहे. बालाघाटाच्या या उघड्या, झाडी विरळ असलेल्या पठारावर एकेकाळी काळविटांचे कळप मुक्तपणे चरत. आडोसा नसल्याने जवळ जाणे दुरापास्त, म्हणून दख्खनच्या शिकाऱ्याला लांबून अचूक बार टाकणारी रायफल हवी असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ साली ती शिकार उचितपणे संपुष्टात आणली; परंतु पल्ल्याचे शास्त्र संपले नाही, ते नेमबाजीच्या मैदानात गेले.

या शास्त्राचा अर्वाचीन अध्याय १८८४ साली सुरू होतो, जेव्हा पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली. तोपर्यंतच्या काळ्या दारूने मार्टिनी-हेन्री रायफलची एकतीस ग्रॅम वजनाची शिशाची गोळी सेकंदास जेमतेम चारशे दहा मीटर वेगाने जाई, आणि त्याहून अधिक वेग मागितला तर धूर, काजळी व शिशाचा मऊपणा हे तिन्ही आड येत. नव्या दारूने नळी लहान व्यासाची झाली आणि गोळीवर धातूचे कवच चढले. ब्रिटिश फौजेने १८८८ साली .३०३ व्यासाचे काडतूस स्वीकारले, तेव्हा त्यात प्रथम काळीच दारू भरली होती. कॉर्डाइट पुढे आले, आणि या काडतुसाला खरी प्रौढता आली ती १९१०च्या ‘मार्क सात’ या आवृत्तीत. ही गोळी हातात घेऊन कापून पाहिली तर तिचे मर्म उमगते. बोथट तोंडाच्या जुन्या चौदा ग्रॅमच्या गोळीऐवजी ही ११.३ ग्रॅमची, टोकदार, आणि कवचाखाली पुढच्या टोकाशी शिशाऐवजी हलके ॲल्युमिनियम, तर युद्धकाळात लाकडाचा लगदा भरलेला, म्हणजे भार मागे आणि लांबी कायम. वेग सेकंदास सुमारे सातशे चव्वेचाळीस मीटर.

मराठवाड्याला हे काडतूस अपरिचित नाही. निलंगा व उदगीर हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात, आणि १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होते; १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्ग घेतला, तेव्हा जवानांच्या खांद्यावर थ्री-नॉट-थ्री होती, आणि समोरच्या कित्येक रझाकारांच्या हाती तोंडाने ठासायची भरमार. पुढे कित्येक दशके पोलीस ठाण्यांच्या शस्त्रागारात हीच रायफल राहिली. तिच्या टिकाऊपणाचे रहस्य वेगात नव्हते. जड, टोकदार गोळी आणि सौम्य दाब यांच्या मेळात होते.

तिकडे पाश्चात्त्य देशांत मात्र वेगाची चढाओढ सुरू झाली. १९०७चे .२८० रॉस, पाठोपाठ १९१५चे .२५० सॅव्हेज, ज्यात सेकंदास तीन हजार फूट हा आकडा गाठता यावा म्हणून मुद्दाम ८७ ग्रेनची हलकी गोळी घातली गेली, त्यानंतर १९२५चे .२७० विंचेस्टर, आणि अखेर १९३५चे .२२० स्विफ्ट, ज्याची सव्वातीन ग्रॅमहूनही हलकी गोळी सेकंदास साडेबाराशे मीटर या तोवर अश्रुतपूर्व वेगाने सुटे. परंतु त्याच १९३५ साली अमेरिकेतील कॅम्प पेरीच्या मैदानावर हजार यार्डांचा विंबल्डन चषक बेन कम्फर्ट या नेमबाजाने जिंकला तो .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या, स्विफ्टहून पुष्कळच सावकाश पण जड गोळीच्या काडतुसाने. एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

उरलेले निम्मे हवेच्या वागणुकीत आहे. हवेचा प्रतिरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. हलकी, आखूड गोळी कितीही जोराने निघाली तरी आपले भांडवल पहिल्या काही शे मीटरांतच उधळून टाकते, तर लांब, निमुळती आणि व्यासाच्या मानाने जड गोळी ते जपून खर्च करते. वाऱ्याने गोळी किती सरकेल, हे तिच्या एकूण प्रवासकालावर नसून प्रतिरोधामुळे तिला झालेल्या विलंबावर ठरते : निर्वात प्रदेशात तेच अंतर कापण्यास जितका वेळ लागला असता त्याहून अधिक जो वेळ लागला, त्यास वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणावे, की सरकण निघते. एक उदाहरण घेऊ. ७.६२ मिलिमीटरची ११.३ ग्रॅमची स्पर्धेची गोळी सेकंदास ७९० मीटर वेगाने निघाली आणि ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा असला, तर समुद्रसपाटीच्या हवेत हजार यार्डांवर ती सुमारे अडीच मीटर सरकते, ६.५ मिलिमीटरची नऊ ग्रॅमची लांबट गोळी ८२० मीटर वेगाने निघाली तर सुमारे दोनच मीटर. सुटतानाच्या वेगात फरक किरकोळ, वाऱ्यातील सरकणीत अर्ध्या मीटरचा.

दुसरी मर्यादा ध्वनीच्या वेगाची. गोळी ध्वनीच्या वेगाखाली उतरत असताना तिच्या भोवतालच्या हवेत जी खळबळ होते तिने चांगल्या चांगल्या गोळ्यांचा तोल बिघडतो. म्हणून ज्या अंतरापर्यंत गोळी स्वनातीत राहील तेच त्या काडतुसाचे विश्वसनीय अंतर. याच कारणाने पन्नास मीटरच्या स्पर्धेचे .२२ काडतूस मुद्दाम ध्वनीहून सावकाश ठेवलेले असते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले, आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या, त्या दोघांचेही काडतूस हेच. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, आणि ते वेधणाऱ्या गोळीचा वेग थ्री-नॉट-थ्रीच्या निम्म्याहून कमी.

आजच्या काडतुसांची तुलना या दोन कसोट्यांवर करावी. १९५२चे .३०८ विंचेस्टर हे शिकण्यास उत्तम. झटका सोसवणारा, नळी हजारो बार टिकणारी, पण हजार यार्डांच्या आसपास त्याची गोळी स्वनातीत मर्यादेला येऊन ठेपते. २००७चे ६.५ क्रीडमोर हे त्याच आकाराच्या पुंगळीतून लांब गोळी सोडून ती मर्यादा सुमारे तीनशे यार्डांनी पुढे नेते, आणि झटका उलट कमी देते. १९६३चे .३०० विंचेस्टर मॅग्नम व त्याहून मोठे .३३८ लापुआ मॅग्नम ही त्यापलीकडच्या अंतरासाठी. पण मोठ्या पुंगळीतील दारूची ज्वाला अरुंद नळीतून जाताना आट्यांचा आरंभ जाळते, आणि खांद्यावर बसणारा धक्का नेमबाजाला नकळत डोळा मिटायला शिकवतो. दारूचा प्रत्येक जादा ग्रॅम नळीच्या आयुष्यातून वसूल होतो.

निलंग्याच्या हवेचा हिशेब यात निराळा धरावा लागतो. गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या घरात. मे महिन्यातील चाळीस अंशांच्या दुपारी इथली हवा प्रमाण हवेहून सुमारे चौदा टक्के विरळ असते, आणि डिसेंबरच्या बारा अंशांच्या पहाटेहून नऊ टक्के. विरळ हवा गोळीला साहाय्य करते. पण तीच दुपार काडतुसातील दारू तापवून दाब वाढवते. उन्हात पडलेले काडतूस आणि सावलीतले काडतूस एकाच वेगाने सुटत नाहीत. इंग्रजी कारखानदारांनी उष्ण प्रदेशासाठी मुद्दाम कमी दारूची काडतुसे काढली होती ती याचसाठी. उन्हाळ्यात काळ्या रानावर दुर्बिणीतून पाहताना जे मृगजळ थरथरते, ते नेमबाजाचा शत्रू नसून साक्षीदार आहे : वारा पडला असेल तर त्याच्या लहरी सरळ वर उकळतात, वारा सुटला की एका अंगाला कलतात, आणि जोर वाढला की आडव्या वाहू लागतात. काडतूस कोणतेही असो, ही लिपी वाचता येणे अनिवार्य.

आपल्या देशात निवडीचे पहिले बंधन कायद्याचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० व्यासाच्या काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी घातली, तेव्हा इंग्रज कारखानदारांना .४७० व .४६५ ही नवी काडतुसे घडवावी लागली. फौजी काडतूस रयतेच्या हाती पडू नये हे धोरण पुढेही चालले. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली .३०३ व ७.६२ ही आजही निषिद्ध वर्गात मोडतात. म्हणून परवानाधारकाच्या वाट्याला प्रायः ईशापूरची .३१५ रायफल येते, जिचे काडतूस मूळचे एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रियन मानलिखरचे : बोथट, जड, सावकाश गोळी. शेताच्या वा घराच्या रक्षणास ती पुरेशी, लांब पल्ल्यास नव्हे. त्याहून सरस .३०-०६ आणि .२७५ रिग्बी, म्हणजे ७ मिलिमीटर माउझर. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ साली बक्षीस मिळालेली रायफल याच काडतुसाची. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दरख्वास्त करण्यापूर्वी आपल्याला स्पर्धा खेळायची आहे की केवळ शस्त्र बाळगायचे आहे, याचा निर्णय मनाशी पक्का करावा, कारण २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवान्यावरील शस्त्रांची संख्या तिनावरून दोनावर आणली आहे.

तेव्हा निवडीचा क्रम असा लागतो : प्रथम अंतर, मग त्या अंतरावर स्वनातीत राहणारी गोळी, मग तिला पुरेसा वेग देणारी लहानात लहान पुंगळी, आणि सर्वांत शेवटी वेगाचा आकडा. या साऱ्यांवर मात करणारा गुण मात्र एकसारखेपणाचा. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदास दहा मीटरांचे अंतर पडले, की हजार यार्डांवर एक गोळी दुसरीहून सुमारे पाव मीटर खाली लागते. मग गोळी कितीही सुरेख घडविलेली असो. म्हणूनच जगातील अव्वल नेमबाज एकाच कारखान्याच्या एकाच जातीच्या काडतुसांचेही निरनिराळे घाणे आपल्या नळीतून तपासून घेतात, आणि आपले नेमबाज त्यासाठी इंग्लंड-जर्मनीच्या मालावर विसंबतात.

हे परावलंबन मला बोचते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून चालू आहे, वरणगावचा १९६४पासून. काडतूस घडविण्याची दीडशे वर्षांची विद्या महाराष्ट्राच्या भूमीत रुजलेली आहे. फौजेची गरज भागवितानाच त्या विद्येचा एक अंश स्पर्धेच्या काडतुसाकडे वळविला, पितळ, टोपी, दारू आणि गोळी यांची मापे तोळामाशाने जुळविण्याची तपश्चर्या तिथे झाली, तर कोल्हापूरच्या पाठोपाठ लातूर-निलंग्याचा मुलगाही देशी काडतुसावर भरवसा ठेवून मैदानात उतरेल. जी गोळी सर्वांत वेगवान ती नव्हे, तर जी प्रत्येक वेळी सारखी जाते तीच श्रेष्ठ, आणि तसा सारखेपणा घडविणे हे आपल्या कारागिरांच्या आवाक्यातले काम आहे.