निरुपयोगी ठरविलेल्या विद्या

गोव्यातील साखवाळ गावचा धर्मानंद कोसंबी नावाचा एक तरुण बुद्धचरित्राच्या ओढीने घरदार सोडून निघाला, आणि पुण्यात संस्कृत, काशीत अन्नछत्रांच्या आधाराने शास्त्राध्ययन, पुढे नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी भटकंती करून पाली ग्रंथ हस्तगत करून गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात परतला, तेव्हा त्या विद्येला मुंबई इलाख्यात गिऱ्हाईक नव्हते. कलकत्ता विश्वविद्यालयात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले होते आणि दरमहा अडीचशे रुपयांच्या वेतनाची संधी समोर होती. परंतु आपल्या विद्येचा लाभ महाराष्ट्राला व्हावा या एकाच इच्छेने त्यांनी ती सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये स्वीकारले. डॉ. भांडारकरांच्या पुढाकाराने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा समावेश झाला आणि १९१२ पासून काही वर्षे कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात तो विषय शिकवीत होते. त्या काळी एखाद्या व्यवहारी गृहस्थाने आपल्या मुलाला विचारले असते की, बाबा रे, ही भाषा शिकून तू मामलेदार होणार की मुन्सफ, तर मुलाला उत्तर देता आले नसते. आणि एवढ्यावरून तो गृहस्थ अडाणी होता असे म्हणण्याचे धारिष्ट मी तरी करणार नाही.

असा प्रश्न दर उन्हाळ्यात निकाल लागले की घरोघरी विचारला जातो. पाली, अर्धमागधी, तत्त्वज्ञान, फार्सी, भाषाशास्त्र, इतकेच काय पण मराठी घेऊन पदवी मिळविणाऱ्यास पुढे काय, असा हा प्रश्न असतो. आणि आताशा तो केवळ पालकांच्या तोंडी राहिला नसून, ज्या पदव्यांना बाजारात मोल नाही त्या विद्यापीठांनी सरकारी पैशाने चालवाव्याच कशाला, अशा धोरणाच्या भाषेत तो मांडला जाऊ लागला आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात तीन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या सोडविल्याशिवाय उत्तर देऊ जाणारा हमखास चुकीच्या विषयावर कुऱ्हाड चालवितो.

पहिली तक्रार अशी की, अमुक विषयाला नोकरी नाही. या तक्रारीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, कारण एके काळी ती खुद्द मराठीविषयी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले आणि त्यांत रानडे व भांडारकर होते. परंतु त्यानंतर थोड्याच काळात देशी भाषा वरच्या परीक्षांतून हद्दपार झाल्या. या भाषांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय आहे कोठे, हा आक्षेप होता, आणि तो घेणाऱ्यांत केवळ साहेब लोक नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी या प्रश्नाचा पिच्छा वर्षानुवर्षे पुरविला. १८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर जे टिपण लिहिले त्यात भाषाभिमानाची गर्जना नाही. किती ग्रंथ छापले गेले, कोणत्या विषयांवर आणि कोणत्या प्रतीचे, याचा जमाखर्च एखाद्या हिशेबनिसाच्या चिकाटीने मांडलेला आहे. एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळण्याचा निर्णय झाला तो त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. जानेवारी १९०१ मध्ये ते निवर्तले. आज मराठी विभागांच्या संमेलनांतून अन्य विषयांना कुचकामी म्हणणारा एखादा वक्ता ऐकू येतो तेव्हा रानड्यांच्या टिपणाची एक प्रत त्या वक्त्याच्या हाती द्यावी असे मनात येते.

पालीचे पुढे काय झाले हे तर सर्वांस ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जी भाषा मूठभर पंडितांची म्हणून गणली जात होती तिच्यातील वचने महाराष्ट्राच्या वस्तीवस्तीत रोज म्हटली जाऊ लागली. स्वतः बाबासाहेबांनी पालीच्या व्याकरणावर आणि कोशावर केलेले काम महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापलेले आहे. ज्यांनी १९१२ साली पालीचा वर्ग सुरू केला त्यांना हे दिसणे शक्य नव्हते. आणि पुरेशी विद्यार्थिसंख्या नाही म्हणून तो वर्ग जर कोणी बंद केला असता तर त्यालाही आपण काय बुडविले हे कधी कळले नसते.

याहून ताजे आणि अधिक रोखठोक उदाहरण मोडीचे. मोडी लिपी वाचता येणे हा अलीकडेपर्यंत इतिहाससंशोधकांचा आणि थोड्या हौशी मंडळींचा छंद समजला जात असे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालच्या रुमाल उलगडणारे हात कमी होत चालले आहेत हे गाऱ्हाणे जाणकार करीत, आणि ते कोणी मनावर घेत नसे. मग २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनातून कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतून जन्ममृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले कोतवाल बुक, बाहेर निघू लागले. पिवळे पडलेले, कडा झिजलेले ते कागद मोडीत होते. ज्या एका ओळीतील जातीच्या रकान्यावर एका कुटुंबाच्या पुढल्या पिढीचा दाखला अवलंबून होता ती ओळ वाचण्यास कचेरीतील एकही कारकून समर्थ नव्हता, आणि शासनाला जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडीचे जाणकार हुडकावे लागले. ज्यांना काल कोणी विचारीत नव्हते त्यांच्यापुढे आज रांगा लागल्या.

येथे मात्र मी थोडा थबकतो. या गोष्टी सांगून टाळ्या मिळविणे सोपे आहे. परंतु ‘पाहा, शेवटी उपयोग झालाच ना’ असे म्हणताना आपण प्रतिपक्षाचाच तराजू हाती घेतलेला असतो. ज्या विद्येचा असा नाट्यमय उपयोग कधीच होणार नाही तिचे काय? अर्धमागधीतील जैन आगमांसाठी उद्या एखादी सरकारी समिती नेमली जाण्याचा संभव नाही. तरीही त्या भाषेचा विभाग विद्यापीठात असावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण उपयोगात नसून त्या विद्येच्या शिस्तीत आहे: तेथे पाठभेद आहेत, प्रमाणे आहेत, आणि विद्यार्थ्याने उभे राहून ‘गुरुजी, आपण लावलेला अर्थ या हस्तलिखिताशी जुळत नाही’ असे म्हटले तर गुरुजींना मान्य करावे लागेल अशी सोय आहे. जेथे शिकविणारा चूक ठरू शकतो तेथेच परीक्षेला अर्थ असतो.

दुसरी तक्रार याच कसोटीवर उभी राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाने फलज्योतिषाचे विभाग उघडण्यास विद्यापीठांना आवाहन केले, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००४ साली न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कोणता विषय शिकवावा हे ठरविणे न्यायालयाचे काम नव्हे, ही भूमिका मला समजते. पण मग ते ज्यांचे काम आहे त्यांनी ते करावयास हवे होते. या विषयाला नोकरी नाही असे कोणी म्हणणार नाही. उलट पत्रिका पाहून देणाऱ्याची प्राप्ती कित्येक प्राध्यापकांहून बरी असते. तक्रार आहे ती निराळी: जे शिकविले जाते ते खरे आहे काय?

आणि याची परीक्षा आपल्याकडेच झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर, ज्यांचा पुढे २०१३ साली पुण्यात खून झाला, आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन दोनशे पत्रिका तयार करण्यात आल्या. ज्योतिष्यांस प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवून, यांतील कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची एवढेच सांगावे, अशी विनंती केली. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवून घेतल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. नाणे उडवून उत्तर दिले असते तर चाळिसांत सरासरी वीस बरोबर आली असती. ज्योतिष्यांची सरासरी त्याहूनही खाली भरली. एका ज्योतिषसंस्थेला साऱ्या दोनशे पत्रिका दिल्या होत्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यावर तुम्ही पत्रिका पाहण्याची रीतच चुकलात, प्रश्नच चुकीचा विचारलात, अशी उत्तरे आली. पण मग बरोबर प्रश्न कोणता आणि तो हुकला तर आपण हार मानाल काय, याचे उत्तर आले नाही. तरीही २०२१ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ज्योतिषात एम.ए. सुरू केलेच.

येथे एक भेद सांभाळला पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा मराठीतील थोर ग्रंथांपैकी एक आहे, आणि वराहमिहिराने काय मानले, का मानले, राजदरबारी त्याला काय स्थान होते, हे शिकविणारा विभाग असेल तर त्याच्या बाजूने मी अर्जी लिहीन. लोकांनी कशावर विश्वास ठेवला याचा अभ्यास ही विद्या आहे. त्या विश्वासावर धंदा करण्याची सनद विद्यापीठाच्या मोहोरेने देणे ही निराळी गोष्ट आहे.

तिसरी तक्रार क्वचितच उघड बोलली जाते आणि मला सर्वांत गंभीर तीच वाटते: विषय उत्तम, नावही भारदस्त, पण शिकविणेच होत नाही. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेच्या जाहिरातीत अर्हतेच्या रकान्यात मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी मागितलेली असते. विद्याशाखा कोणतीही चालते. म्हणजे पदवीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जे सरकार, त्याला आत काय शिकलास याच्याशी कर्तव्य नाही, मोहोर उमटली आहे की नाही एवढेच ते पाहते. आणि पुण्यातल्या अभ्यासिकांतून पहाटेपासून जागा धरणारी मुले हे ओळखून जो विषय कमीत कमी त्रास देईल तो घेऊन पदवी उरकतात. त्यांचा त्यात काय दोष? तिकडे महाविद्यालयात प्राध्यापक निवृत्त झाला की पद रिक्त राहते, तासिका तत्त्वावर नेमलेला पंचविशी-तिशीचा तरुण दोन-तीन ठिकाणी धावून तास भरतो, आणि त्याचे मानधन दोन-दोन महिने थकते. पुरेसा कार्यभार नाही म्हणून प्रथम बंद पडतात ते छोटे विभाग, वस्तुतः ज्यांना एक शिक्षक, एक कपाट आणि फळा यांहून अधिक काही लागत नाही.

बाजाराच्या मापाने चालणाऱ्यांना डी.एड.ची आठवण करून द्यावीशी वाटते. ती पदवी नव्हे, पदविका; परंतु तिच्याइतकी खात्रीची नोकरी दुसरी नाही म्हणून एके काळी जमिनी विकून मुलांना तेथे घातले गेले आणि तालुक्यातालुक्यांत डी.एड. विद्यालये उघडली. मग शिक्षकभरती थांबली, विद्यार्थी येईनासे झाले, आणि ती विद्यालये धडाधड मिटली. आजच्या बाजाराने गौरविलेल्या अभ्यासक्रमाचे पाच वर्षांनी काय होईल हे ना मंत्रालयास ठाऊक असते, ना संस्थाचालकास.

याच्या उलट टोकाला महर्षी कर्व्यांची कहाणी आहे. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, मातृभाषेतून शिक्षण ठेवले, आणि पदवीधर स्त्रीस ‘गृहीतागमा’ ही पदवी दिली. प्रारंभी विद्यार्थिनी पाच. या पदवीला सरकारी मान्यता नव्हती, ती मिळण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. तोवर बाजारात तिचे मोल काय, असे विचारणाऱ्याला कर्व्यांजवळ दाखविण्यासारखे फारसे काही नव्हते. पण वर्ग भरत होते, शिकविणारे शिकवीत होते. ठाकरसी कुटुंबाने १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली ती ज्या संस्थेला, तिची पदवी सरकारदरबारी अद्याप कागदाच्या तुकड्याहून अधिक नव्हती.

करदात्याचा पैसा हा मुद्दा उरतो, आणि त्याहून मोठा मुद्दा विद्यार्थ्याच्या तीन वर्षांचा. ज्याच्या घरात पदवी प्रथमच येते आहे, ज्याच्या बापाने सोसायटीचे कर्ज काढून खोलीभाडे भरले आहे, त्याला ‘विद्या हेच धन’ असे ऐकवून तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसविणे हा मला अप्रामाणिकपणा वाटतो. कोसंबींनी दरमहा दोनशे रुपयांचे नुकसान डोळे उघडे ठेवून पत्करले होते. तेव्हा विद्यापीठाने छोटे विषय अवश्य चालवावेत, पण प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्या पानावर, प्राचार्यांच्या मनोगताच्या जागी, मागील पाच वर्षांत या विभागातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात हे छापावे. किती पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत, हेही छापावे. आणि हा नियम पालीला लावताना व्यवस्थापनशास्त्राला आणि अभियांत्रिकीलाही लावावा. हे पान छापण्यास सर्वांत आधी विरोध कोणत्या विभागांकडून होईल याविषयी माझा अंदाज आहे, आणि ते विभाग अर्धमागधीचे नाहीत.