वीज कुठली, त्याहून वीज केव्हाची

विजेच्या स्रोतांची तुलना सहसा मेगावॅटमध्ये मांडली जाते आणि तिथेच फसगत सुरू होते. जून २०२५ अखेर भारताच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा, वायू, तेल वगळता इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. तरीही देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सुमारे सात अजून कोळशाचीच असतात. दोन्ही विधाने खरी आहेत. एक मेगावॅटचा औष्णिक संच नीट चालला तर वर्षाला पन्नास-साठ लाख युनिटे देतो; तेवढ्याच क्षमतेचे सौर पॅनेल महाराष्ट्रातल्या उन्हातही सोळा-सतरा लाखांच्या आसपास थांबतात. मेगावॅट ही ऐपत झाली. कमाई युनिटांत मोजायची.

कोळशाची ऐपत जवळून पाहायची तर चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र पाहावे. त्याची क्षमता २,९२० मेगावॅट. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की दिवसाला सुमारे आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे मालगाडीच्या दोन रेक. वाघिणी टिपलरवर उलट्या होतात, कोळसा क्रशरमधून बंकरमध्ये जातो, मग गिरण्यांत पिठासारखा दळला जाऊन गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकला जातो. सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ टर्बाइनला मिनिटाला ३,००० फेरे फिरवते. एवढा खटाटोप करूनही उष्णतेचा तिसऱ्या हिश्शाहून थोडाच अधिक भाग विजेत उतरतो. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, त्यामुळे हाच संच रोज अडीच-तीन हजार टन राख मागे ठेवतो. काही राख सिमेंटला आणि विटांना जाते, उरलेली बंधाऱ्यात साठते. शिवाय प्रत्येक युनिटामागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

धुराची चर्चा खूप होते, पाण्याची त्या मानाने कमी. वाफ थंड करायला औष्णिक केंद्राला धरणभर पाणी लागते. २०१५च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तरीही मध्यरात्री दोन वाजता दुपारइतकीच वीज देण्याचा कोळशाचा गुण नाकारता येत नाही. मात्र त्याला आळसही आहे. थंडावलेला संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला अनेक तास लागतात.

अणुवीजही अनवीकरणीयच, कारण युरेनियम संपणारे आहे. पण तिला धूर नाही. तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९मध्ये सुरू झाले. वायूवरचे संच चपळ असतात, पण इंधनाच्या दरापुढे त्यांचे काही चालत नाही.

नवीकरणीय म्हटले की आज पॅनेल डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्राने मात्र पाण्यापासून सुरुवात केली. टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५चे. कोयनेची वीज १९६२पासून मिळू लागली आणि टप्प्याटप्प्याने क्षमता १,९६० मेगावॅटवर गेली. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला काढून पोफळीच्या बाजूला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचे, अशी ही रचना. वीज करून ते पाणी वाशिष्ठीला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली होती. म्हणजे इथले 'इंधन' दर पावसाळ्यात नवे येत असले तरी अमर्याद नाही. आणि नवीकरणीय म्हणजे निरुपद्रवी असेही नव्हे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गावेच्या गावे गेली, हा खर्च कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

जलविद्युत संचाचे खरे मोल त्याच्या तत्परतेत आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर घरांतले दिवे नऊ मिनिटे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली आणि लगेच पूर्ववत झाली. तो हिंदोळा प्रामुख्याने जलविद्युत संचांनी सावरला. कोळशाला हे जमले नसते.

पवनचक्कीचे गणित वाऱ्याच्या वेगावर चालते. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते. म्हणूनच साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांची निवड झाली. थंडीत या चक्क्या उभ्या दिसल्या की प्रवासी नाक मुरडतात. त्यांनी आषाढात तिथे जाऊन पाहावे: सूर्य ढगाआड असतो त्याच महिन्यांत मोसमी वारा त्यांना गरगरा फिरवत असतो. ऊन आणि वारा असे बऱ्याच अंशी एकमेकांना पूरक ठरतात.

सौर विजेला इंधनखर्च नाही. डिसेंबर २०२०मध्ये गुजरातच्या एका लिलावात तिचा दर युनिटामागे १.९९ रुपयांपर्यंत उतरला. जागा मात्र ती भरपूर मागते, मेगावॅटला चार-पाच एकर. शिवाय विदर्भातल्या मे महिन्याचे ऊन तिला वाटते तितके मानवत नाही. पॅनेल २५ अंशांच्या वर तापले की दर अंशाला उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटते. धूळ बसली की आणखी.

या विजेला सगळ्यात शोभणारे काम शेतीपंपाचे. वर्षानुवर्षे शेतकऱ्यांच्या वाट्याला थ्री फेज वीज रात्रीची आली. अंधारात बॅटरी घेऊन, साप-बिबट्याची भीती पोटात ठेवून पाणी धरायला जायचे. २०१७च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा रोख याच दुखण्यावर आहे: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि कृषी फीडरला दिवसा वीज द्यायची. इथे बॅटरीचा प्रश्नच येत नाही, कारण पाणी एकदा रानात पोहोचले की काम झाले.

खरी अडचण संध्याकाळी सातची. सूर्य मावळतो त्याच सुमारास घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. त्या वेळेसाठी साठवण लागते. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८मध्ये सुरू झाला. मागणी नसताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे, अशी त्याची रीत. अशा प्रकल्पांत घातलेल्या विजेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परत मिळतो. पूर्वी पाणी चढवण्याची वेळ रात्रीची मानली जाई. सौर वीज वाढल्यावर ती दुपारची होऊ लागली आहे. बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत. पण रात्रभराचा भार त्या पेलेपर्यंत कोळसा हटणार नाही.

तोवर वापराची वेळ बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय. महाराष्ट्रात २०२५पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर दरात सवलत मिळते. धुलाई यंत्र, गिझर आणि गच्चीवरच्या टाकीचा पंप दिवसा चालवला तर वीज सूर्याची लागते आणि बिलही कमी येते.