बुधवार संध्याकाळची रेघ

भारतातल्या व्यावसायिक गोल्फच्या बऱ्याचशा स्पर्धा मंगळवारी सुरू होतात आणि शुक्रवारी संपतात. जगभर हा खेळ गुरुवार ते रविवार चालतो, कारण रविवारी प्रेक्षक येतात आणि दूरचित्रवाणीलाही तोच दिवस सोयीचा असतो. आपल्याकडे शनिवार-रविवारचं मैदान क्लबच्या सभासदांचं. ज्यांचं पोट या खेळावर चालतं त्यांना मैदान मिळतं ते सभासद आपापल्या कचेऱ्यांत असतात त्या दिवसांत. भारतातल्या या खेळाचं सगळं अर्थकारण मला या एका वेळापत्रकात दिसतं.

म्हणून आपल्याकडची निर्णायक वेळ रविवारची नसते, बुधवार संध्याकाळची असते. मंगळवारची फेरी झाली, बुधवारची झाली, छत्तीस होल पूर्ण झाले, की 'कट' लागतो. सव्वाशेच्या आसपास खेळाडू उतरलेले असतात. त्यांतले पहिले पन्नास आणि पन्नासाव्याशी बरोबरीत असलेले तेवढे पुढे जातात, बाकीच्यांनी सामान बांधायचं. कट चुकलेल्याला एक रुपयाही मिळत नाही. रेल्वे किंवा विमानाचं तिकीट, आठवड्याभराची खोली, जेवणखाण, बॅग उचलणाऱ्या कॅडीची मजुरी, स्पर्धेची प्रवेश फी हे सगळं त्याच्याच खिशातून गेलेलं असतं. संध्याकाळी पाचला स्कोअरबोर्डापाशी उभं राहिलं की आघाडीवर कोण आहे याची चर्चा फारशी कानावर येत नाही. सगळ्यांच्या नजरा अठ्ठेचाळीस ते साठ या क्रमांकांवर असतात. शेवटच्या होलवर चेंडू आत ढकलायचा चार फुटांचा पट हुकला, तर एका फटक्यापायी पूर्ण आठवडा पदरमोडीचा ठरतो.

या मालिकेचं नाव प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, खेळाडूंच्या तोंडी पीजीटीआय. ती 2006 साली खेळाडूंनीच उभी केली. त्याआधी देशात व्यावसायिक स्पर्धा होत होत्या, पण त्या चालवण्याची सूत्रं खेळाडूंच्या हाती नव्हती. 2024 च्या जूनमध्ये कपिल देव तिचे अध्यक्ष झाले. क्रिकेट सोडल्यावर त्यांनी गोल्फ किती गंभीरपणे घेतलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निवडीचं आश्चर्य वाटलं नाही.

हंगाम साधारण फेब्रुवारीत सुरू होतो. थंडी ओसरलेली असते, उत्तरेतलं सकाळचं धुकं विरळ झालेलं असतं. एप्रिल संपता संपता उन्हाचा कहर होतो, मागोमाग पाऊस येतो, आणि मधले काही महिने जवळजवळ कोरडे जातात. ऑगस्ट-सप्टेंबरला पुन्हा जोर धरला की थेट डिसेंबरपर्यंत दर आठवड्याला नवं गाव. अहमदाबाद, चंदीगड, नोएडा, कोइमतूर, विशाखापट्टणम, कोलकात्याचं टॉलीगंज, पुण्यात येरवड्याचा पूना क्लब. कधी सीमा ओलांडून ढाक्याचं कुर्मिटोला, कधी कोलंबो. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याच्या तटबंदीला लागून फटके मारायचे. दिल्लीला लोदीकाळातल्या घुमटांच्या सावलीत, दोन्ही बाजूंनी दाटलेल्या काटेरी झुडपांमधल्या अरुंद पट्टीतून चेंडू काढायचा; तिथे लांब मारण्यापेक्षा सरळ मारणं जास्त मोलाचं. वर्ष संपत आलं की आसामात दिग्बोई. 1901 पासून चालू असलेल्या तेल शुद्धीकरण कारखान्याचं हे गाव, आजूबाजूला चहाचे मळे आणि जंगल. तिथली इंडियन ऑइलची सर्व्हो मास्टर्स ही हंगामातली मला सगळ्यात जवळची वाटणारी स्पर्धा, कारण एवढ्या लांबच्या कोपऱ्यात हा खेळ वर्षानुवर्षं कुणाच्या कौतुकाशिवाय नेमाने खेळला जातो. हंगामाची अखेर जमशेदपूरला, टाटा स्टील टूर चॅम्पियनशिपने. तिथली पद्धत वेगळीच: एकाच फेरीतले नऊ होल बेल्डीहच्या मैदानावर आणि नऊ गोलमुरीच्या.

आता पैशाचा हिशेब. स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम एक कोटी असेल, तर विजेत्याला मिळतात पंधरा लाख. जमशेदपूरच्या अखेरच्या स्पर्धेची रक्कम अलीकडे तीन कोटी झाली आहे, म्हणजे विजेत्याला पंचेचाळीस लाख. उरलेली रक्कम कट पार केलेल्या पन्नासेक जणांत उतरत्या भाजणीने वाटली जाते आणि शेवटच्या दहा-पंधरा जणांच्या हाती जे पडतं त्यात आठवड्याचा खर्च जेमतेम निघतो. वर्षभराच्या कमाईवर क्रमवारी ठरते. वरच्या साधारण साठ जणांचं कार्ड, म्हणजे खेळण्याचा परवाना, पुढच्या वर्षी कायम राहतं. खालच्यांनी पुन्हा क्वालिफाइंग स्कूलला जायचं आणि परवान्यासाठी नवख्या पोरांबरोबर नव्याने झगडायचं. याला 'स्कूल' म्हणतात खरं, पण तिथे शिकवत कुणी नाही, फक्त परीक्षा होते. चाळिशीतला, घरी दोन मुलं असलेला गोल्फपटू अठरा वर्षांच्या मुलाशेजारी पहिल्या टीवर उभा असतो, हे दृश्य दर वर्षीचं आहे.

हे लोक येतात कुठून? माझ्या मते भारतीय गोल्फची खरी गोष्ट याच प्रश्नात दडलेली आहे.

मराठी माणसाला महू म्हटलं की बाबासाहेबांच्या जन्माचा 14 एप्रिल 1891 आठवतो, सुभेदार रामजींचं छावणीतलं घर आठवतं. त्याच छावणीने देशाला गोल्फपटूही दिले. इंग्रज जिथे गेले तिथे त्यांच्याबरोबर हा खेळ गेला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. पण छोट्या छावण्यांत हिरवळ राखायला पाणी कुठलं? तिथे होलभोवती गवताऐवजी तेल शिंपून चोपलेली वाळू असे. तिला 'ब्राउन्स' म्हणतात. साहेब खेळत, नंतर लष्करी अधिकारी खेळू लागले, आणि बॅगा उचलायला शेजारच्या वस्तीतली पोरं. हीच पोरं साहेब घरी गेल्यावर मोडक्या काठीने, सापडलेल्या चेंडूने खेळत. त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं, पण दिवसाला अठरा होल पायी चालून कुठला उतार चेंडूला कुठे नेतो हे त्यांच्या तळपायांनी शिकून घेतलं होतं.

महूचे मुकेश कुमार अशांपैकीच. कॅडी म्हणून सुरुवात केली, देशातल्या शंभराहून अधिक व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या, पण आशियाई टूरचं विजेतेपद हुलकावणी देत राहिलं. ते मिळालं डिसेंबर 2016 मध्ये, दिल्ली गोल्फ क्लबवर, पॅनासॉनिक ओपन इंडियात. तेव्हा त्यांचं वय होतं 51. आशियाई टूर जिंकणारा इतका वयस्क खेळाडू तोवर झाला नव्हता. एखाद्या क्रिकेटपटूने या वयात असं काही केलं असतं तर गावोगाव फलक लागले असते. मुकेश कुमारांचं नाव आजही आपल्याकडे किती घरांत माहीत आहे? मला याची खंत वाटते, आणि ती लपवावीशी वाटत नाही.

त्यांच्याआधी दिल्लीचे अली शेर होते. तेही कॅडीच. 1991 मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली. 1964 साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेत तोवर एकच भारतीय जिंकला होता, 1965 चे पी. जी. सेठी, आणि ते हौशी खेळाडू होते. पोटासाठी खेळणारा भारतीय आपल्याच देशाची स्पर्धा जिंकू शकतो हे अली शेर यांनी पहिल्यांदा दाखवलं, आणि दोन वर्षांनी पुन्हा जिंकून पहिला विजय योगायोगाचा नव्हता हेही दाखवलं. कोलकात्याचे एस. एस. पी. चौरसिया रॉयल कलकत्तातल्या माळ्याचे चिरंजीव. 2008 मध्ये दिल्लीत युरोपीय टूरची इंडियन मास्टर्स झाली, अर्नी एल्ससारखे दिग्गज आले होते, आणि चषक नेला तो देशी टूरवर घडलेल्या या शांत माणसाने. पुढे 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं त्यांनी इंडियन ओपनही जिंकली. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, आसपासचा त्यांचा नाजूक हात पाहून सहकारी त्यांना 'चिपुटसिया' म्हणू लागले. लांब पल्ल्याच्या फटक्यांना ताकद लागते, चांगली साधनं लागतात. चिप आणि पट हे छोटे फटके मात्र अंधार पडेपर्यंत रिकाम्या ग्रीनच्या कडेला घोटता येतात.

पुन्हा महूकडे. 2023 चा हंगाम ओमप्रकाश चौहान यांचा होता. तेही महूचे, तेही कॅडीपासून सुरुवात केलेले. त्या वर्षी त्यांनी युरोपच्या चॅलेंज टूरबरोबर संयुक्तपणे झालेली ब्लॅक बुल चॅलेंज जिंकली, हंगामात एक कोटीहून अधिक कमावले आणि क्रमवारीत अव्वल ठरले. आता या पहिल्या क्रमांकाला नुसता मान नाही, पुढच्या वर्षी डीपी वर्ल्ड टूरवर, म्हणजे जुन्या युरोपीय टूरवर, खेळण्याचं कार्ड मिळतं. 2022 मध्ये सहा स्पर्धा जिंकणाऱ्या मनु गंडास यांना ते मिळालं, 2023 चं चौहानांना, 2024 चं वीर अहलावत यांना. अहलावतांची त्या वर्षाची कमाई दीड कोटीच्या पुढे गेली.

या दरवाजाचं कौतुक करताना पलीकडे काय आहे तेही पाहायला हवं. आठवडा दक्षिण आफ्रिकेत, पुढचा आखातात, पुढचा युरोपात. हवा वेगळी, गवत वेगळं, खर्च युरोत. गंडास आणि चौहान दोघेही वर्षभराने पुन्हा देशी टूरवर खेळताना दिसले. त्यांना नावं ठेवणारे ठेवोत. घरच्या हंगामात वीस-बावीस आठवडे ओळखीच्या मैदानांवर खेळणारा माणूस अचानक एकटा परदेशात पडतो, सोबत ना प्रशिक्षक ना फिजिओ, आणि त्याने पहिल्याच वर्षी टिकून राहावं अशी आपली अपेक्षा. कार्ड दिलं म्हणजे जबाबदारी संपली असं समजणं मला अन्यायाचं वाटतं.

महाराष्ट्राला या टूरने दिलेला मोठा क्षण पुण्याच्या उदयन मानेंचा. करोनामुळे 2020 चा हंगाम अर्ध्यावर थांबला आणि पुढच्या वर्षाला जोडून 2020-21 असा एकच हंगाम धरला गेला. त्यात माने क्रमवारीत पहिले आले. या टूरच्या कामगिरीला जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात, आणि त्या गुणांच्या आधारावर ते टोकियो ऑलिंपिकच्या राखीव यादीत होते. 2021 च्या जुलैत अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि मानेंना निरोप आला. ऑलिंपिकच्या मैदानावर उभं राहण्याचा हक्क त्यांनी देशातल्या मैदानांवर मंगळवार ते शुक्रवार खेळून कमावला होता. पुण्यातच जन्मलेले, लष्करी डॉक्टरचे चिरंजीव अनिर्बान लाहिरी त्याच स्पर्धेत त्यांच्यासोबत होते. त्यांचीही सुरुवातीची वर्षं याच टूरवर गेलेली.

गेल्या काही वर्षांत बरंच बदललं. 2025 मध्ये आयजीपीएल नावाची दुसरी मालिका उभी राहिली, गगनजीत भुल्लर यांच्यासारखे नामवंत तिकडे गेले आणि खेळाडूंत फूट पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत चाळीस लाख डॉलरची डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. रोरी मॅकिलरॉय आले, टॉमी फ्लीटवूड जिंकले. पैसा येतो आहे, आणि यावाच. पण क्रमवारीच्या वरच्या भागातली नवी नावं वाचताना जाणवतं की अकादमीत वाढलेली, लहानपणापासून प्रशिक्षक लाभलेली मुलं आता जास्त आहेत. ती मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. काळजी दुसरी आहे. ज्या मागच्या फाटकाने अली शेर, मुकेश कुमार, चौरसिया आत आले, ते अरुंद होत चाललं आहे. बॅग उचलणाऱ्या मुलाला सभासद घरी गेल्यावर ग्रीनवर पाऊल ठेवू द्यायचं की नाही, हे क्लबची समिती ठरवते. त्यासाठी कुठला प्रायोजक लागत नाही.

डिसेंबरात जमशेदपूरहून परतणाऱ्या गाड्यांत क्रमवारीत एकसष्टावा आलेला कुणीतरी असतोच. क्वालिफाइंग स्कूल फार लांब नसतं. तो घरी पोहोचतो, बॅग कोपऱ्यात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सभासद यायच्या आत, मैदानाकडे निघतो.