परिचारिका आणि संशोधन : बेळगावचा एक प्रयोग

प्रसूती होऊन बाळ रडले, की संकट टळले असे घरातील मंडळींस वाटते. जाणत्या परिचारिकेची खरी चिंता मात्र त्याच क्षणी सुरू होते. वार सुटल्यावर गर्भाशयाच्या भिंतीतील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळले गेले म्हणजे त्या मिटतात. ते शिथिल राहिले तर रक्त वाहतच राहते आणि काही तासांत माता दगावू शकते.

हा स्राव रोखणारे ऑक्सिटोसिन हे औषध पूर्वीपासून ज्ञात आहे. परंतु ते टोचून द्यावे लागते व थंड जागी ठेवावे लागते. खेड्यातील घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या प्रसूतीस ही सोय कोठून असणार? मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या हवेत टिकते व तोंडावाटे घेता येते. ती गावच्या परिचारिकेने दिल्यास रक्तस्राव कमी होईल काय, हा प्रश्न मोठ्या रुग्णालयात बसून सुटण्यासारखा नव्हता.

बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात त्याचे उत्तर शोधण्यात आले. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर आणि अमेरिकेतील त्यांचे सहकारी यांनी योजना आखली. पण प्रसूती करणे, गोळी देणे आणि रक्त मोजणे ही तिन्ही कामे २५ साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकांनी केली.

यांपैकी रक्त मोजणे हे काम वाटते तितके सोपे नाही. रक्त कापडात मुरते, पाण्यात मिसळते, जमिनीवर सांडते. डोळ्यांचा अंदाज बहुधा कमीच भरतो. बेळगावच्याच जिल्हा रुग्णालयात तो सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरल्याचे आढळले होते. म्हणून मातेच्या खाली पसरावयाची, टोकाशी नरसाळ्यासारखी निमुळती व मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची चादर वापरण्यात आली. ५०० मिलिलिटरची खूण ओलांडली की धोका.

१,६२० स्त्रियांपैकी ८१२ जणींस खरी गोळी मिळाली व ८०८ जणींस तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणास कोणती, हे दैवाधीन ठरत असे आणि ते परिचारिकेसही ठाऊक नसे. ठाऊक असते तर नजर नकळत एका बाजूस झुकली असती.

येथे एखादी परिचारिका विचारील, "माझ्या बाईस रिकामी गोळी मी का द्यावी?" हा आक्षेप रास्त आहे, आणि तो जिला सुचतो तीच संशोधनास हवी. त्याचे उत्तर असे, की गोळीचा गुण तोवर या परिस्थितीत सिद्ध झाला नव्हता आणि तिने थंडी वाजते, ताप येतो, हेही तपासावयाचे होते. न तपासलेले औषध हजारोंना देणे ही दया नव्हे. स्त्रीची समजून-उमजून दिलेली संमती मात्र आधी हवीच.

निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. रिकाम्या गोळीच्या गटात शंभरात १२ स्त्रियांस अतिरक्तस्राव झाला, तर औषधाच्या गटात ६.४ जणींस. म्हणजे दर १८ स्त्रियांमागे एकीचा रक्तस्राव टळला. थंडी-ताप औषधाच्या गटात अधिक दिसला, पण तो तात्पुरता होता. आणखी एक गोष्ट मला आकड्यांहून बोलकी वाटते : जसजसा काळ गेला तसतसे दोन्ही गटांतील प्रमाण उतरत गेले. रोज मोजणाऱ्या हातांची दक्षताही वाढली असावी.

मराठीत आपण ज्यास संशोधन म्हणतो, त्या शब्दाचा हिंदीत अर्थ दुरुस्ती असा होतो. परिचारिकेच्या बाबतीत दोन्ही अर्थ जवळ येतात. तिला नोंदवही देऊन केवळ आकडे भरावयास लावणे पुरेसे नाही. या कामासाठी पाळीतील वेळ, प्रशिक्षण आणि निष्कर्ष समजून घेण्याचा हक्क तिला मिळावयास हवा. बेळगावच्या निबंधावर लेखक म्हणून डॉक्टर व संशोधक यांची नावे आहेत. परिचारिका तेथे २५ या संख्येने येतात.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. खुणांच्या चादरीचा प्रवासही थांबला नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील सुमारे ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेथे चादरीने मोजून तत्काळ एकत्रित उपचार केल्यावर तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया वा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण शंभरात १.६ राहिले, नेहमीच्या पद्धतीत ते ४.३ होते.