दूरस्थ देखरेख व व्यवस्थापन प्रणाली

दूरस्थ देखरेख व व्यवस्थापन प्रणाली ही एखाद्या व्यवसायातील संगणक, सर्व्हर व नेटवर्कवरील इतर उपकरणे यांची देखभाल प्रत्यक्ष त्या जागी न जाता एकाच ठिकाणाहून करण्यासाठी वापरली जाणारी संगणकप्रणाली होय. 'रिमोट मॉनिटरिंग अँड मॅनेजमेंट' या इंग्रजी संज्ञेच्या आद्याक्षरांवरून ती 'आरएमएम' या संक्षिप्त नावाने अधिक परिचित आहे. या प्रणालीत प्रत्येक संगणकावर 'एजंट' नावाची एक छोटी आज्ञावली बसवलेली असते. ती संगणकाच्या स्थितीची माहिती मध्यवर्ती सर्व्हरला कळवते आणि तेथून आलेले आदेश त्या संगणकावर अमलात आणते.

आदेश अमलात आणता यावेत म्हणून एजंटला संगणकावरील जवळजवळ सर्व अधिकार दिलेले असतात. त्यामुळे मोजक्या तंत्रज्ञांना शेकडो संगणक सांभाळता येतात. परंतु मध्यवर्ती सर्व्हर परक्याच्या हाती गेल्यास तेच शेकडो संगणक एकाच वेळी धोक्यात येतात. जुलै २०२१ मध्ये कासेया व्हीएसए या प्रणालीमार्फत झालेला रॅन्समवेअर हल्ला हे याचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

नेटवर्कवरील उपकरणांची स्थिती दुरून विचारण्याची प्रमाणित पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. 'एसएनएमपी' या संज्ञापन-नियमावलीचा पहिला मसुदा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. राउटर, स्विच, प्रिंटर यांसारख्या उपकरणांची माहिती मिळवण्यासाठी तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरल्या जातात. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये 'सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर' ही प्रणाली आणली. तिच्यामुळे मोठ्या संस्थांना आपल्या अंतर्गत नेटवर्कमधील विंडोज संगणकांवर एकाच ठिकाणाहून सॉफ्टवेअर बसवता येऊ लागले. दुसऱ्या संगणकाचा पडदा दुरून पाहण्याची व तो हाताळण्याची 'व्हीएनसी' ही पद्धत केंब्रिज येथील संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात विकसित झाली.

लहान व्यवसायांची स्थिती मात्र वेगळी होती. त्यांच्याकडे स्वतःचा संगणक विभाग नसे. संगणक बिघडला की तंत्रज्ञाला बोलवायचे आणि दुरुस्तीचे पैसे द्यायचे, किंवा वार्षिक देखभाल करार करायचा, हीच रूढ पद्धत होती. दोन्हींत काम बिघाडानंतर सुरू होई आणि तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत व्यवसाय थांबून राही. २००० नंतर इंटरनेटची जोडणी स्वस्त व सतत उपलब्ध झाली, तेव्हा ठरावीक मासिक शुल्क घेऊन अनेक ग्राहकांचे संगणक दुरून सांभाळणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांना 'व्यवस्थापित सेवा पुरवठादार' म्हणतात. मासिक शुल्क ठरलेले असल्यामुळे बिघाड जितके कमी तितका पुरवठादाराचा फायदा अधिक, असे नवे आर्थिक गणित यातून तयार झाले. आरएमएम प्रणालींचा प्रसार प्रामुख्याने या संस्थांमुळे झाला. २०२० मधील कोविड साथीच्या काळात कर्मचारी घरून काम करू लागले, तेव्हा कार्यालयाबाहेरील संगणकांच्या देखभालीसाठी या प्रणालींची गरज आणखी वाढली.

रचना व कार्यपद्धती

आरएमएम प्रणालीचे तीन मुख्य घटक असतात: संगणकावरील एजंट, मध्यवर्ती सर्व्हर आणि तंत्रज्ञासमोरचा नियंत्रण फलक. मध्यवर्ती सर्व्हर संस्थेच्या स्वतःच्या जागेत ठेवता येतो किंवा निर्मात्याच्या क्लाउड सेवेत असतो.

एजंट विंडोजवर सहसा 'सिस्टिम' या खात्याच्या आणि लिनक्स व मॅकओएसवर 'रूट'च्या अधिकाराने पार्श्वभूमीत चालतो. संपर्काची सुरुवात तो स्वतः करतो: संगणकाकडून सर्व्हरकडे जाणारी कूटबद्ध जोडणी बहुधा ४४३ या पोर्टवरून उघडली जाते. ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आत येण्याचा नवा मार्ग त्यामुळे उघडावा लागत नाही आणि संगणक घरच्या वायफायवर असला तरी संपर्क राहतो. ठरावीक अंतराने एजंट आपण कार्यरत असल्याचा संकेत पाठवतो. तो येणे थांबल्यास संगणक बंद आहे, इंटरनेट खंडित झाले आहे किंवा एजंट निकामी झाला आहे, असा निष्कर्ष निघतो. यांपैकी नेमके काय घडले हे मात्र तपासूनच ठरवावे लागते.

एजंट बसवता न येणाऱ्या उपकरणांसाठी त्याच नेटवर्कमधील एका संगणकावर तपासनीस आज्ञावली बसवली जाते. ती एसएनएमपीद्वारे इतर उपकरणांची माहिती गोळा करते. बंद संगणक रात्रीच्या कामासाठी सुरू करायचा असल्यास 'वेक-ऑन-लॅन' ही सोय वापरता येते. या पद्धतीत संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता १६ वेळा असलेला एक विशेष संदेश स्थानिक नेटवर्कवर पाठवला जातो. कार्डाला वीजपुरवठा चालू असेल आणि ही सोय आधीच सक्रिय केलेली असेल, तरच ती उपयोगी पडते.

प्रमुख कार्ये

देखरेख व इशारे

प्रोसेसर व मेमरीवरील भार, डिस्कवरील मोकळी जागा, आवश्यक सेवा चालू आहेत की नाहीत, अँटिव्हायरस अद्ययावत आहे का, बॅकअप पूर्ण झाला का, अशा बाबींवर सतत लक्ष ठेवले जाते. प्रत्येक बाबीसाठी मर्यादा ठरवलेली असते व ती ओलांडली गेल्यास तंत्रज्ञाला इशारा मिळतो. डिस्कमध्ये असलेल्या 'स्मार्ट' या स्वयंनिरीक्षण व्यवस्थेच्या नोंदींवरून डिस्क निकामी होण्याची लक्षणे अनेकदा आधी दिसतात. तथापि प्रत्येक डिस्क अशी पूर्वसूचना देतेच असे नाही.

मर्यादा ठरवणे हे कौशल्याचे काम आहे. प्रोसेसरचा भार क्षणभर ९० टक्क्यांवर गेला म्हणून इशारा दिला, तर दिवसाकाठी शेकडो निरर्थक संदेश येतात, तंत्रज्ञ त्यांकडे दुर्लक्ष करू लागतो आणि खरा इशाराही त्यांत हरवतो. म्हणून भार काही मिनिटे सलग टिकल्यासच इशारा द्यावा, अशा स्वरूपाचे नियम केले जातात.

सुरक्षा-दुरुस्त्या

सॉफ्टवेअरमधील दोष दूर करणाऱ्या दुरुस्त्यांना 'पॅच' म्हणतात. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच एकत्रितपणे प्रसिद्ध करते. ते वेळेवर न बसवल्यास काय होते, हे २०१७ मध्ये दिसून आले. विंडोजमधील एका गंभीर दोषावरचा पॅच १४ मार्च रोजी उपलब्ध झाला होता. त्याच दोषाचा वापर करून १२ मे रोजी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरले. पॅच हाती येऊनही जवळजवळ दोन महिन्यांनी असंख्य संगणक असुरक्षितच राहिले होते.

कोणत्या संगणकावर कोणता पॅच बसायचा आहे याची यादी आरएमएम प्रणालीत एकत्र दिसते. नवा पॅच प्रथम थोड्या संगणकांवर बसवून पाहावा आणि अडचण न आल्यास उर्वरित संगणकांवर टप्प्याटप्प्याने बसवावा, ही प्रचलित शिफारस आहे.

स्वयंचलित कामे, दूरनियंत्रण व नोंदी

पॉवरशेल किंवा बॅशमध्ये लिहिलेली आज्ञासंहिता एकाच वेळी अनेक संगणकांवर चालवता येते. उदाहरणार्थ, लेखापालांच्या कार्यालयात विवरणपत्रे भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात सर्व्हरच्या डिस्कवरील मोकळी जागा १० टक्क्यांहून कमी झाली, तर तात्पुरत्या फायली काढून टाकणारी आज्ञासंहिता आपोआप चालते. तेवढ्याने भागले नाही, तरच तंत्रज्ञासाठी तक्रार-नोंद तयार होते. आज्ञासंहितेतील चूकही याच वेगाने सर्वत्र पोहोचते, म्हणून ती आधी चाचणी-संगणकावर तपासणे आवश्यक मानले जाते.

यांखेरीज वापरकर्त्याचा पडदा दुरून पाहून अडचण सोडवणे आणि कोणत्या संगणकावर कोणते सॉफ्टवेअर व यंत्रसामग्री आहे याची अद्ययावत सूची ठेवणे हीदेखील या प्रणालींची नेहमीची कामे आहेत.

मर्यादा

संगणकाची कार्यप्रणाली सुरूच होत नसेल तर एजंटही चालत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अद्यतनामुळे अनेक विंडोज संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार बाधित उपकरणांची संख्या सुमारे ८५ लाख होती. त्यांपैकी कित्येक संगणकांपाशी तंत्रज्ञांना प्रत्यक्ष जाऊन दुरुस्ती करावी लागली. दूरस्थ व्यवस्थापनामुळे जागेवर जाण्याची गरज कमी होते. ती पूर्णपणे संपत नाही.

बॅकअप 'यशस्वी' झाल्याची नोंद म्हणजे त्यातील माहिती परत मिळेलच याची हमी नव्हे. त्यासाठी बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत मिळवून पाहण्याची चाचणी वेळोवेळी करावी लागते.

सुरक्षाविषयक धोके

२०२१ चा कासेया व्हीएसए हल्ला

२ जुलै २०२१ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला लागून आलेल्या शुक्रवारी, 'रेव्हिल' या गुन्हेगारी गटाच्या रॅन्समवेअरने कासेया व्हीएसए या आरएमएम प्रणालीच्या ग्राहकांवर हल्ला झाला. सेवा पुरवठादारांनी स्वतःच्या जागेत चालवलेल्या व्हीएसए सर्व्हरमधील दोषांमुळे हल्लेखोरांना ओळख पटवण्याची पायरी टाळता आली. त्यानंतर त्यांनी तातडीची दुरुस्ती असल्याचे भासवून रॅन्समवेअर एजंटांकडे पाठवले. एजंटांच्या दृष्टीने तो आपल्याच सर्व्हरचा आदेश होता. एजंटाच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून त्याचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळण्याची शिफारस होती. त्याचाही हल्लेखोरांना लाभ झाला.

कंपनीच्या माहितीनुसार थेट बाधित झालेले ग्राहक ६० हून कमी होते, परंतु त्यांच्यामार्फत सेवा घेणारे १,५०० पर्यंत व्यवसाय हल्ल्याच्या कक्षेत आले. स्वीडनमधील कोप या किराणा दुकानांच्या साखळीला गल्ल्यावरची यंत्रे बंद पडल्यामुळे सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली. कोप ही स्वतः कासेयाची ग्राहक नव्हती. तिच्या गल्ल्यांची व्यवस्था पाहणारा पुरवठादार ती प्रणाली वापरत होता. सर्व बाधितांसाठी मिळून ७ कोटी डॉलरची खंडणी मागण्यात आली. नेदरलँड्समधील 'डीआयव्हीडी' या स्वयंसेवी संस्थेने या प्रणालीतील दोष एप्रिल २०२१ मध्येच कंपनीला कळवले होते. काहींवर दुरुस्ती झाली होती आणि उरलेल्यांवर काम सुरू असतानाच हल्ला झाला. ११ जुलै रोजी पॅच उपलब्ध झाला. या प्रकरणी पोलंडमध्ये अटक झालेल्या एका युक्रेनी नागरिकाला अमेरिकेतील न्यायालयाने मे २०२४ मध्ये १३ वर्षे ७ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

वैध साधनांचा गैरवापर

दुसरा धोका असा की फसवणूक करणारे स्वतःच वैध आरएमएम किंवा दूरनियंत्रण सॉफ्टवेअर बळीच्या संगणकावर बसवून घेतात. हे सॉफ्टवेअर व्हायरस नसल्यामुळे अँटिव्हायरस ते अडवेलच असे नाही. पैसे परत मिळवून देण्याचे आमिष दाखवणाऱ्या अशा ईमेलबाबत अमेरिकेच्या सायबरसुरक्षा यंत्रणांनी जानेवारी २०२३ मध्ये संयुक्त इशारा प्रसिद्ध केला. स्थापना न करता थेट चालणारी सॉफ्टवेअरची आवृत्ती वापरल्यास प्रशासकीय परवानगीही लागत नाही, याकडे त्यात लक्ष वेधले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्ट या दूरनियंत्रण प्रणालीत ओळखतपासणी टाळता येण्याजोगा दोष आढळला. त्याला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण देण्यात आले होते.

प्रतिबंधक उपाय

नियंत्रण फलकावर प्रवेशासाठी बहुघटक ओळखतपासणी सक्तीची करणे, प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र खाते व कामापुरतेच अधिकार देणे, नोकरी सोडलेल्यांची खाती तत्काळ बंद करणे, सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा न ठेवणे आणि प्रत्येक आदेशाची नोंद जतन करणे हे मूलभूत उपाय मानले जातात. संस्थेने मान्य केलेल्या एका प्रणालीखेरीज इतर दूरनियंत्रण सॉफ्टवेअर चालू न देण्याचा नियमही उपयुक्त ठरतो. बॅकअपची किमान एक प्रत आरएमएम प्रणालीतून पुसता येणार नाही अशा ठिकाणी असावी. अन्यथा हल्लेखोर मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही एकदम नष्ट करू शकतो.

भारतातील स्थिती

चेन्नईस्थित झोहो कॉर्पोरेशनच्या मॅनेजइंजिन या विभागाची 'एंडपॉइंट सेंट्रल' ही संगणक-व्यवस्थापन प्रणाली भारतात विकसित झालेली आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा संगणकाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केल्यास कलम ६६ खाली शिक्षा होऊ शकते. त्यामुळे सेवा पुरवठादाराला दिलेल्या प्रवेशाची व्याप्ती करारात लेखी असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. 'सर्ट-इन' या शासकीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे आणि प्रणालींतील नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे.

कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्नही या प्रणालींशी निगडित आहे. डिस्क भरली आहे का हे पाहणे आणि कर्मचाऱ्याच्या पडद्यावर काय चालले आहे हे पाहणे यांत मोठे अंतर आहे; परंतु अनेकदा दोन्ही गोष्टी एकाच एजंटाद्वारे शक्य असतात. म्हणून दूरनियंत्रण सुरू होताना वापरकर्त्याची संमती विचारण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. ती चालू ठेवायची की नाही हे व्यवस्थापक ठरवतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीवरील प्रक्रियेचे काम दुसऱ्या संस्थेकडे सोपवले, तरी कायद्याच्या पालनाची जबाबदारी मूळ संस्थेकडेच राहते. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

हे सुद्धा पहा

संगणक सुरक्षा
रॅन्समवेअर
फायरवॉल
क्लाउड संगणन
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००